व्यंगचित्रकारांच्या दुनियेतला खून : रहस्यकथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दैनिकांत व्यंगचित्रं काढणारे दोन प्रतिस्पर्धी. त्यांतल्या एकाचा खून होतो आणि संशयाची सुई दुसऱ्यावर जाते. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्या अनेकांना ही कल्पना खुणावते. मी रहस्यकथांची हस्तलिखितं वाचून लेखकांना सूचना करते. या विषयाची हस्तलिखितं माझ्या खास आवडीची, त्यामुळे त्यातलं एखादं थोडक्यात फसलं की जीव चुटपुटतो. बहुतेक ठिकाणी फसण्याचं कारण एकच असतं: कथेत व्यंगचित्रकार असतात, पण व्यंगचित्र नसतं. दोघांना शिंपी किंवा वकील केलं तरी कथा जशीच्या तशी चालेल, असं वाटतं. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच तळमळ आहे.

व्यंगचित्रकार एकमेकांच्या जिवावर उठतील, हे वाचकाला पटेल का?

पटेल. त्यासाठी हॅम फिशर आणि अल कॅप यांची हकिगत माहीत असायला हवी. फिशर हा अमेरिकेतला गाजलेला चित्रमालिकाकार. 'जो पलूका' ही त्याची मुष्टियोद्ध्याची मालिका शेकडो दैनिकांत छापून यायची. १९३३ मध्ये कॅप त्याच्याकडे मदतनीस म्हणून लागला. वर्षभरात तो बाहेर पडला आणि १९३४ मध्ये त्याने 'लिल ॲब्नर' ही डोंगराळ भागातल्या गावरान कुटुंबाची मालिका सुरू केली. फिशरचं म्हणणं, ही माणसं माझ्या मालिकेतून उचललेली आहेत. कॅपचं म्हणणं, तुझ्या मालिकेत ती आणली मीच. हे वैर वीस वर्षं पुरलं. १९५० मध्ये कॅपने एका मासिकात आपल्या जुन्या मालकाचं नाव न घेता त्याला राक्षस ठरवणारा लेख लिहिला. पुढे फिशरवर आरोप झाला, की कॅपची चित्रं अश्लील आहेत हे दाखवण्यासाठी त्याने त्या चित्रांच्या नकलांमध्ये फेरफार केले. १९५५ मध्ये व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला निलंबित केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिशरने आत्महत्या केली.

या हकिगतीत खून नाही. तरीही मी प्रत्येक नव्या लेखकाला ती सांगते, कारण फिशरवर आरोप झाला तो कॅपवर सुरी उगारल्याचा नव्हता, कॅपच्या रेषेत स्वतःची रेषा मिसळल्याचा होता. आणि हे वैर दोन परक्यांचं नव्हतं. एकाने दुसऱ्याच्या टेबलाशी बसून, त्याच्याच पात्रांवर शाई चढवून पोट भरलं होतं. ज्याचा हात आपण आपल्या हातासारखा ओळखतो त्याच्याबद्दलचा राग वेगळाच असतो. तो राग तुमच्या कथेत असेल तर पुढचं सगळं वाचकाच्या गळी उतरेल.

खुनामागे हेतू कोणता ठेवावा?

या धंद्यात सर्वांत जिवंत हेतू म्हणजे पात्राची मालकी. पात्र कोणाचं, काढणाऱ्याचं की छापणाऱ्याचं? रिचर्ड आउटकॉल्टचा 'यलो किड' १८९५ पासून पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये यायचा. १८९६ मध्ये हर्स्टने आउटकॉल्टला आपल्या 'जर्नल'मध्ये ओढून नेलं. पुलित्झरने जॉर्ज लक्स या दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पात्र काढून घेणं चालू ठेवलं. एकाच शहरात, एकाच वेळी, पिवळा डगला घातलेली दोन पोरं दोन दैनिकांत नांदू लागली. रुडॉल्फ डर्क्सचंही असंच झालं. त्याची 'कॅट्झनजॅमर किड्स' ही मालिका १८९७ मध्ये हर्स्टच्या दैनिकात सुरू झाली. हर्स्टला सोडल्यावर प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल असा लागला, की मालिकेचं नाव हर्स्टकडे राहील, पण पात्रं काढण्याचा हक्क डर्क्सलाही असेल. मग तीच खोडकर भावंडं दोन वेगवेगळ्या नावांच्या मालिकांत, दोन वेगवेगळ्या हातांनी काढली जाऊ लागली आणि ते पुढे कित्येक दशकं चाललं.

रोज सकाळी अंक उघडावा, तर आपलं पोर दुसऱ्याच्या हातचं दिसावं. या एका वाक्यात कादंबरी आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा तगडा हेतू म्हणजे सही. मोठ्या चित्रमालिकांवर सही एकाची असते आणि शाई, अक्षरं, पार्श्वभूमी मदतनीसांच्या हातची असते. सही करणारा काही वर्षांपासून स्वतः एकही रेघ मारत नसेल आणि हे फक्त दोघांनाच ठाऊक असेल, तर त्यांतला एक दुसऱ्याच्या मुठीत असतो. मात्र 'कल्पना चोरली' हा हेतू जपून वापरा. एकाच बातमीवर दोन दैनिकांत एकाच दिवशी जवळपास सारखं चित्र येणं ही नेहमीची गोष्ट आहे. बातमी एक, चिन्हं ठरलेली (बुडती नाव, खुर्ची, दोरीवरची कसरत), मग दोघांना एकच सुचणं साहजिक आहे. त्यामुळे चोरीचा आरोप हेतू म्हणून लंगडा पडतो. चकवा म्हणून मात्र फार कामाला येतो: पोलीस त्याच्यामागे धावतात, आणि धंद्यातली माणसं मनातल्या मनात म्हणतात, 'यावरून कोणी कोणाला मारत नाही.'

ज्याच्यावर व्यंगचित्र काढलं त्या सत्ताधाऱ्यालाच खुनी करावं का?

करता येईल, पण मग ती वेगळी कथा होते. खऱ्या आयुष्यात व्यंगचित्रकारांवरचे हल्ले प्रामुख्याने याच वाटेने आले आहेत. 'हंदला' हा पाठमोरा उभा असलेला मुलगा अजरामर करणारे पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांना २२ जुलै १९८७ रोजी लंडनमध्ये, ते ज्या दैनिकासाठी काम करत त्याच्या कचेरीबाहेर गोळी घालण्यात आली. २९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. त्या खुनासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. सीरियाचे अली फरझात यांना २०११ मध्ये दमास्कसमध्ये पळवून नेलं आणि त्यांचे हात मोडले. ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या कचेरीतल्या हल्ल्यात बारा जणांचा बळी गेला.

अशा घटनांचा चटकदार वळण म्हणून वापर करू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रतिस्पर्ध्यांची रहस्यकथा लिहायची असेल तर गुन्हा घरातलाच ठेवा: टेबलांच्या रांगेतला, संपादकाच्या खोलीबाहेरच्या बाकावरचा. सत्तेची सावली मागे जरूर असू द्या. धमकीची पत्रं येत असतील तर पोलिसांचं लक्ष आधी तिकडेच जाईल. त्या सावलीच्या आड कोणी आपला जुना हिशेब चुकता केला असेल, तर ते नीचपणाचं वाटेल, आणि वाटायलाच हवं.

वर्तमानपत्राचं कामकाज किती माहीत हवं?

निदान घड्याळ तरी नीट माहीत हवं, कारण या कथेत कोण कुठे होता याची सगळी मदार घड्याळावर असते. गंमत अशी, की एकाच दैनिकात व्यंगचित्रांची दोन घड्याळं चालतात.

राजकीय व्यंगचित्रकाराचं घड्याळ तासांचं. दुपारी बातम्यांचा अंदाज येतो. तो दोन-तीन कच्ची रेखाटनं करून संपादकाला दाखवतो. एक पसंत होतं, बाकीची कचऱ्यात किंवा खणात जातात. संध्याकाळपर्यंत पक्कं चित्र तयार आणि रात्री पान सुटतं. पहिली आवृत्ती गेल्यावर मोठी बातमी आली, तर शहर आवृत्तीसाठी चित्र बदलूही शकतं. इथे दोन सुगावे आयतेच पडलेले आहेत. पहिला: चित्रकार सातला मेला असं सगळे सांगतात, पण सकाळी छापून आलेल्या त्याच्या चित्रात नऊ वाजता फुटलेल्या बातमीचा संदर्भ आहे. मग ते चित्र काढलं कोणी? दुसरा मला जास्त प्रिय आहे: नापसंत झालेलं रेखाटन. ते फक्त मेलेल्या माणसाने आणि संपादकाने पाहिलेलं असतं. चौकशीत तिसराच कोणीतरी सहज बोलून जातो, की त्या दिवशी त्याने छत्रीवाली कल्पना काढली होती. आता त्या तिसऱ्याने ती छत्री पाहिली कधी?

चित्रमालिकाकाराचं घड्याळ आठवड्यांचं असतं. रोजच्या पट्ट्या साधारण महिना-दीड महिना आधी पोचवायच्या, रविवारच्या रंगीत त्याहूनही आधी. म्हणजे मालिकाकार मेला तरी त्याची पात्रं पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी बोलत राहतात. 'क्रेझी कॅट' काढणारा जॉर्ज हेरिमन २५ एप्रिल १९४४ ला गेला आणि त्याचं शेवटचं रविवारचं पान २५ जूनला छापून आलं, तारखेला तारीख धरून दोन महिन्यांनी. 'पीनट्स'चा चार्ल्स शुल्झ १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या हातात त्याच्या मालिकेचा शेवटचा रविवारचा भाग होता, त्याच्या निरोपासह.

तुमच्या कथेत बळी मालिकाकार असेल, तर या उरलेल्या पट्ट्या वाया घालवू नका. प्रकरणागणिक एक पट्टी येऊ द्या. तपास करणाऱ्यालाही ती बाकी वाचकांबरोबर सकाळीच मिळते. खुन्यालाही. पुढच्या पट्ट्यांत काय आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं, आणि त्या पट्ट्या तर कधीच छापखान्याकडे गेलेल्या असतात.

सुगावा चित्रातच लपवायचा तर कसा?

या कथेचा आत्मा इथे आहे, म्हणून उत्तर लांबतं आहे.

आधी एक मूळ चित्र डोळ्यांसमोर आणा. छापील नव्हे, मूळ. जाड, गुळगुळीत ब्रिस्टॉल बोर्ड. छापायच्या आकाराच्या दीडपट, कधी दुप्पट. काळी शाई दिव्याखाली थोडी चमकते, कारण वाटरप्रूफ इंडियन इंकमध्ये लाखेचा अंश असतो. शाईखाली खोडलेल्या पेन्सिलीचे चर उरलेले असतात. बोर्ड तिरका धरला की त्यांच्या सावल्या दिसतात. कुठे कान बदललेला असतो, तिथे पांढऱ्या रंगाचा पोपडा असतो. कडेला अंगठ्याचा ठसा, आणि मागच्या बाजूला तारीख, रकान्यांचं माप, एखादा फोन नंबर.

आता फिकट निळी पेन्सिल घ्या. छपाईच्या कॅमेऱ्याची जुनी फिल्म निळ्या रंगाला कागदाच्या पांढऱ्यासारखंच पकडायची, म्हणून चित्रकार कच्चं रेखाटन आणि सूचना फिकट निळ्यात करत. ते खोडायची गरजच नसे. म्हणजे मूळ चित्रावर असा मजकूर असू शकतो, जो लाखो वाचकांनी पाहिलेल्या अंकात कधीच दिसला नाही. तपास करणारा कात्रणं चाळत बसला तर जन्मात उलगडा होणार नाही. त्याला मूळ बोर्डच हुडकावा लागेल. आणि तो बोर्ड कोणी जाळायचा प्रयत्न केला असेल तर का, हेही तिथेच कळेल.

मग छायेच्या रेघा. उजव्या हाताचा माणूस समांतर रेघा ओढतो तेव्हा त्या सहजपणे डावीकडून वर उजवीकडे कलतात. डावखुऱ्याच्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. लिओनार्दो दा विंचीची रेखाटनं ओळखताना अभ्यासक नेमका हाच कल बघतात. संशयितांत एकच जण डावखुरा असेल, तर वाचकाला हे आधीच एकदा ओझरतं दाखवा. तो चहाचा कप कोणत्या हाताने उचलतो, एवढं पुरे. दोन काळज्या मात्र घ्या. कागद फिरवून कोणीही कसाही कल आणू शकतो, म्हणून सुगावा मोठ्या, बोर्डावर घट्ट चिकटवलेल्या चित्रात ठेवा. आणि कथा एकोणिसाव्या शतकातली असेल, तर तेव्हा चित्रकार थेट लाकडी ठोकळ्यावर काढत आणि छापताना ते उलटं होई. तेव्हा कलही उलटतो. मी वाचलेल्या एका हस्तलिखितात नेमका हा उलटा कल लेखकाच्या ध्यानात आला नव्हता आणि सगळा उलगडा चुकीच्या माणसावर गेला होता. मी ते सांगितल्यावर त्याने तो चुकलेला उलगडाच कथेत ठेवला, आणि पोलिसांकडून करवला. त्याने चुकीचं सोनं केलं.

याशिवाय कान, बोटं आणि अक्षरं. चेहऱ्याकडे चित्रकाराचं लक्ष असतं, तिथे तो सावध असतो. कान आणि बोटं हात आपोआप काढतो, वर्षानुवर्षं एकाच वळणाची. संवादांच्या फुग्यातलं अक्षर तर सहीपेक्षाही सच्चं असतं.

नक्कल केलेलं चित्र ओळखू कसं येतं?

मूळ रेषा वेगात आलेली असते. कुंचला टेकतो, दाबला जातो, रेषा जाड होते, मग सुटताना टोक बारीक होतं. नक्कल करणारा त्या रेषेच्या कडा बघून काढतो. रेषा दिसायला तीच, पण वेग नाही. जाडी योग्य ठिकाणी आहे, पण शेवटी शाई किंचित साचलेली आहे, कारण हात थबकला.

मूळ चित्रकार एखादी चूकही करतो, आणि नक्कल करणारा ती चूक दुरुस्त करून बसतो. हे मला फार मानवी वाटतं. मेलेल्या माणसाला तिरकी खुर्ची कधी जमलीच नाही. खुन्याने काढलेल्या चित्रात मात्र खुर्चीचे चारही पाय जमिनीवर नीट टेकले आहेत. त्याला आपला हात आवरला नाही.

जुन्या चित्राची बनावट असेल तर रंगही चुगली करतो. टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग बाजारात आला तो १९२० च्या सुमारास. त्याआधीची तारीख घातलेल्या चित्रावर तो सापडला, तर तारीख खोटी.

आणि हे सगळं ओळखणार कोण? पोलिसांची प्रयोगशाळा रंग सांगेल, शाई सांगेल. पण 'ही खुर्ची त्याची नव्हे' हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस असतो: ज्याने वीस वर्षं रोज सकाळी स्वतःच्या अंकाआधी त्याचा अंक उघडला. त्याचा प्रतिस्पर्धी.

म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाच तपास करू द्यावा?

माझं मत विचाराल तर हो, आणि त्याच्यावरच पहिला संशय असू द्यावा. पोलिसांना पटवण्यासाठी तो जितकं बारकाईने बोलेल, तितका तोच अडकत जाईल. नक्कल ओळखू शकणारा माणूस नक्कल करूही शकतो, हे कोणाच्याही लक्षात येईल. कथेचा ताण बाहेरून आणावा लागत नाही.

व्यंगचित्रकाराने गुन्ह्याचा माग काढणं अगदीच अशक्य कोटीतलं नाही. रॉबर्ट ग्रेस्मिथ हा 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'चा राजकीय व्यंगचित्रकार. १९६९ मध्ये 'झोडियाक' म्हणवणाऱ्या खुन्याची सांकेतिक पत्रं त्या कचेरीत येऊ लागली आणि ग्रेस्मिथ त्यांच्या मागे लागला तो वर्षानुवर्षं. पुढे १९८६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं.

दुसरं उदाहरण अधिक जुनं. थॉमस नास्ट या अमेरिकन व्यंगचित्रकाराने ज्याची अर्कचित्रं काढून न्यूयॉर्क हादरवलं, तो भ्रष्ट पुढारी विल्यम ट्वीड कैदेतून निसटून स्पेनला पळाला. १८७६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखलं ते नास्टच्या चित्रावरून. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये पर्सी लेफ्रॉय मॅपलटन या फरारी खुन्याचं रेखाचित्र 'डेली टेलिग्राफ'ने छापलं. फरारी संशयिताचं चित्र वर्तमानपत्रात छापण्याचा तो पहिला प्रसंग मानतात.

अर्कचित्र खरंच ओळख पटवतं का, अशी शंका अनेक जण काढतात. १९८७ मध्ये गिलियन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिला: ओळखीच्या चेहऱ्यांची रेखाचित्रं, काही हुबेहूब, काही वैशिष्ट्यं ताणलेली. लोकांनी ताणलेली अधिक चटकन ओळखली. तेव्हा तुमच्या कथेत साक्षीदाराने सांगितलेलं वर्णन ऐकून पोलिसांचा चित्रकार जे काढेल त्यावर कोणी मान डोलावणार नाही. पण व्यंगचित्रकार तोच चेहरा चार रेघांत, नाक दुप्पट करून काढेल आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम शांत करेल. हा प्रसंग जमला तर फार उंचीचा होईल.

मरता मरता बळीने चित्र काढून खुन्याचं नाव सुचवलं तर?

नको. ज्याच्या अंगातून रक्त जातंय तो कोडं घालत बसत नाही. काढायला हात चालत असेल तर तो सरळ नाव लिहील.

त्याऐवजी मरण्याआधी, काहीही ठाऊक नसताना काढलेलं चित्र वापरा. व्यंगचित्रकार सतत बघत असतो आणि बघितलेलं हातात उतरतं. कचेरीतल्या बैठकीत त्याने कागदाच्या कडेला कोणाचा तरी पंजा काढला, आणि त्या पंजावर अंगठी नाही. अंगठी हरवल्याचं तो माणूस चार दिवसांनी सांगणार आहे.

खून कोणत्या पद्धतीने व्हावा?

साध्या. लेखक हटकून कुंचल्यावर येतात: चित्रकार कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करतो, तर त्यावर विष. यामागे सत्य आहेच. १९२०च्या दशकात अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या तरुण मुली असंच कुंचला ओठांत धरायच्या. त्यांना तसं शिकवलंच जायचं. त्यांतल्या कित्येकींचे जबडे सडले, कित्येकी गेल्या. त्या मुलींची आठवण ठेवून सांगते, हे साधन वापरायचं तर हलकं करू नका. शिवाय इंडियन इंक वापरणारा जाणकार चित्रकार कुंचला तोंडात घालण्याआधी धुतोच, नाहीतर लाख वाळून केस कडक होतात. तुमची कथा त्या एका धुण्यावर कोसळेल.

ढकलणं, जिन्याचा कठडा, जड पेपरवेट. वाचकाचं लक्ष साधनाकडे गेलं की चित्राकडचं उडतं.

आजच्या काळात सगळे टॅबवर काढतात. मग मूळ चित्र, शाई, निळी पेन्सिल, सगळंच गेलं ना?

गेलं, पण दुसरं आलं. डिजिटल फाइलमध्ये थर असतात. वरचा थर दिसतो, खालचा लपवलेला असतो आणि घाईत तो तसाच पाठवला जातो. लपवलेला थर ही आजची निळी पेन्सिल. फाइल केव्हा बनली, केव्हा बदलली याची नोंद असते. मात्र ती यंत्राच्या घड्याळावर चालते आणि घड्याळ मागे-पुढे करता येतं. म्हणून केवळ वेळेच्या नोंदीवर उलगडा बेतू नका. वाचक आज तेवढा हुशार आहे. काही ॲप्स तर चित्र कसं घडत गेलं याचं चित्रीकरणही आपोआप साठवतात. खुन्याने चित्र पुसलं, पण ते पुसत असतानाचं चित्रीकरण राहिलं, ही कल्पना अजून ताजी वाटते.

हेतू मात्र बदलतात. मूळ बोर्डच नसेल तर तो विकून येणारा पैसाही नाही, आणि त्यासाठी होणारा खूनही नाही. आणि दैनिकांनी पगारी व्यंगचित्रकार ठेवणं कमी केलं आहे. शिल्लक एक जागा आणि दोघांचं वय झालेलं, ही परिस्थिती मला आजच्या कथेसाठी सर्वांत खरी वाटते.

संशयित किती ठेवावेत?

पाच पुरेत. चित्रकार दोघे, मदतनीस, संपादक आणि अक्षरं काढणारी किंवा रात्रपाळीचा उपसंपादक. शेवटच्या दोघांना लेखक विसरतात. पान सुटताना चित्र शेवटचं हातात धरलेलं असतं ते त्यांनी.

ही माणसं सतत विनोद करतात असं दाखवावं का?

दाखवू नका. विनोद हे त्यांचं काम आहे आणि काम कागदावर चाललेलं असतं. टेबलाशी बसलेला व्यंगचित्रकार बहुधा गप्प, थोडा चिडलेला, घड्याळाकडे बघणारा असतो. दोन प्रतिस्पर्धी एकाच कचेरीत असूनही चांगले मित्र असू शकतात. आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे दोघे १९४०च्या दशकात 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये होते. पुढे दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या, तरी मैत्री टिकली. वैर दाखवताना ही शक्यता डोक्यात असू द्या. ज्याच्याशी मैत्री होऊ शकली असती त्याच्याशी जडलेलं वैर जास्त दुखतं.

दोघांना समोरासमोर आणायचं असेल तर भाषण नको. एकाने दुसऱ्याचं चित्र हातात घ्यावं, बराच वेळ बघावं आणि म्हणावं, "टाक बदललास?" बस्स. दुसऱ्याला कळतं, की आपल्याला कोणीतरी इतकं बघतंय.

खऱ्या व्यंगचित्रकारांवर पात्रं बेतली तर चालतील?

हयात माणसावर नकोच. नाव बदललं तरी शैली, दैनिक आणि गाजलेलं पात्र यांवरून माणूस ओळखता येतो, आणि तुम्ही त्याला खुनी ठरवत असता. स्वभाव हवा असेल तर तीन माणसांचा एकत्र करा आणि रेषा चौथीच द्या.

कथेसोबत व्यंगचित्रं छापावीत का?

ज्या चित्रात सुगावा आहे ते शब्दांत वर्णन करणं जास्त अवघड आहे, पण मला ते आवडतं. वर्णनात सुगाव्याला दोन निरुपद्रवी गोष्टींच्या मध्ये ठेवा: खिडकी, चारही पाय टेकलेली खुर्ची, भिंतीवरचं कॅलेंडर. वाचक कॅलेंडरची तारीख तपासत बसेल. वर्णन मात्र पूर्ण आणि खरं हवं. उलगड्याच्या वेळी चित्रात नवीन काही निघालं, तर वाचक फसवल्यासारखा होतो आणि त्याचा राग रास्त असतो.

छापायचीच असतील तर दोन प्रतिस्पर्ध्यांची चित्रं एकाच चित्रकाराकडून काढून घेऊ नका. कितीही तयारीचा असला तरी दोन्हींतले कान एकाच वळणाचे येतील आणि नेमका तुमचा चाणाक्ष वाचक दोन्ही माणसं एकच आहेत असा तर्क करून बसेल. दोन चित्रकार घ्या. एकमेकांना आपली चित्रं दाखवू देऊ नका. नक्कल केलेलं चित्र कथेत असेल तर ते दुसऱ्याकडून पहिल्याच्या शैलीत काढून घ्या आणि त्याला सांगा, जमेल तितकं हुबेहूब काढ. जे हुबेहूब येणार नाही, तेच तुम्हाला हवं आहे. आणि दोघांतला एक डावखुरा मिळाला तर फारच उत्तम.